घरातला जुना चांदीचा गडू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवघरातला, कपाटातल्या मलमलीत गुंडाळलेला किंवा लॉकरमध्ये पडून असलेला लहानसा चांदीचा गडू. त्याचे फोटो पाठवून लोक जे विचारतात, त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक पत्रांची सुरुवात ‘याचे किती येतील?’ अशी असते. त्याचं उत्तर खाली आहे (प्रश्न १३), पण आधीचे प्रश्न वाचून मग तिकडे जावं अशी विनंती आहे. भांडं नीट पाहिल्याशिवाय तराजूत गेलं की पुढे पाहायला काही उरत नाही.

१. गडू म्हणजे नेमकं कोणतं भांडं? आमच्याकडे याला लोटी म्हणतात.

घराघरात वेगवेगळं म्हणतात. या पानावर गडू म्हणजे गोल पोटाचा, आवळलेल्या गळ्याचा, बाहेर वळलेल्या काठाचा लहान तांब्या. तो पूजेच्या पाण्यासाठी, पाहुण्याला पाणी देण्यासाठी किंवा संध्येच्या पळी-पंचपात्राबरोबर वापरला जाई. फुलपात्र आणि वाटी यांना गळा नसतो, त्यामुळे त्यांची घडण वेगळी. पण पाहण्याची, तपासण्याची आणि जपण्याची खालची बहुतेक माहिती त्यांनाही लागू पडते.

२. आमचा गडू अगदी साधा आहे, एक फूलसुद्धा कोरलेलं नाही. त्यात पाहण्यासारखं काय असणार?

सगळ्यात जास्त त्यातच असतं. नक्षीखाली हातोडीचा चुकलेला घाव लपतो, कोऱ्या पोटावर तो लपवायला जागाच नसते. साधा गडू चांगला दिसतो तो केवळ त्याच्या बाहेरच्या रेषेमुळे. काठापासून निघालेली ती रेषा गळ्यात आत येते, पोटावर बाहेर झेपावते आणि बुडाकडे परत आवळते. जिथे वळण बदलतं ती जागा पाहा. चांगल्या कारागिराच्या हातून गळा आणि पोट यांच्यामध्ये कोन राहत नाही. आतल्या वळणातून बाहेरच्या वळणात आपण नक्की कुठे शिरलो हे बोटाला सांगता येत नाही. सामान्य कामात तिथे कडा लागते.

मग पोटाची सर्वांत रुंद जागा पाहा. ती मध्याच्या जरा खाली असेल तर गडू बसलेला, स्वस्थ वाटतो आणि भरल्यावर डुगडुगत नाही. मध्याच्या वर असेल तर तो उभारलेला, हलका दिसतो, पण मग बूड रुंद ठेवावं लागतं. गळ्याचं मापही हातावरून ठरतं. तीन बोटं आणि अंगठा गळ्याभोवती बसले पाहिजेत आणि ओल्या हातातून भांडं निसटू नये म्हणून काठ पुरेसा बाहेर हवा. धार सोडली की पाणी काठावरून तुटून पडलं पाहिजे. काठाच्या खालून ओघळत पोटावर आलं, तर वळण चुकलं आहे.

१९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझाइनर दांपत्य भारत सरकारच्या बोलावण्यावरून देशभर फिरलं. इथे पाहिलेल्या सगळ्या वस्तूंत त्यांना सर्वांत सुंदर वाटला तो रोजच्या वापरातला लोटा. त्यात पाणी किती मावतं, तो डोक्यावर, कमरेवर, हातात कसा पेलला जातो, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा बदलतो, आतून घासता येतो का, असे प्रश्न त्यांनी त्या एका भांड्याबद्दल मांडले. त्यांच्या अहवालातून पुढे १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. तुमच्या साध्या गडवाकडे हेच प्रश्न घेऊन बसा. तासभर सहज जातो.

३. पाहायला सुरुवात कुठून करायची? मला यातलं काहीच कळत नाही.

दिवसाच्या उजेडात, एका बाजूने खिडकी येईल असे बसा. बल्बच्या किंवा ट्यूबच्या प्रकाशात चांदी नुसती चमकते, बोलत नाही. गडू हळूहळू फिरवा आणि पोटावर पडलेलं खिडकीचं प्रतिबिंब पाहत राहा. पृष्ठभाग खरा असेल तर खिडकीची कड सलग वाहते. जिथे ती थबकते किंवा मोडते, तिथे चांदी सपाट झाली आहे, पोचा आहे किंवा जुनी दुरुस्ती आहे.

त्यानंतर पांढऱ्या भिंतीसमोर धरून फक्त बाह्यरेषा पाहा. जमलं तर कागदावर काढा. चित्रकला यायची गरज नाही. काढताना आपण काय पाहिलंच नव्हतं ते लक्षात येतं. उदाहरणार्थ, बरेच लोक गळा सरळ काढतात आणि मग पुन्हा पाहिल्यावर तो मध्ये किंचित आवळलेला दिसतो.

मग उलटा करा. जुन्या भांड्याबद्दल सर्वांत खरं सांगतं ते बूड. वरच्या बाजूला लोक घासपूस करतात, बुडाकडे कुणाचं लक्ष जात नाही. वापराचे ओरखडे तिथे सगळ्या दिशांना, वेगवेगळ्या खोलीचे असतात. शेवटी डोळे मिटून बोट आतून फिरवा. आत काय लागायला हवं ते पुढच्या दोन उत्तरांत आहे.

४. असा गडू घडवत कसे?

दोन मुख्य रीती होत्या. पहिलीत चांदीच्या एकाच चकतीपासून सगळं भांडं उठवत. चकती लोखंडी ठोकळ्यावर धरून कडेकडेने, एकेक वर्तुळ घेत ठोकत जायचं. प्रत्येक फेरीला कड थोडी आत आणि वर येते. ठोकली की चांदी कडक होते आणि तशीच ठोकत राहिलं तर कडेला फाटते. म्हणून दर फेरीनंतर ती मंद लाल होईपर्यंत तापवून नरम करायची, चिंचेच्या पाण्यासारख्या आंबटात टाकून वरची काळी साय काढायची आणि पुन्हा ठोकायला बसायचं. चांदी ९६२ अंश सेल्सियसच्या आसपास वितळते. तांबं मिसळलेली चांदी त्याच्या बरीच आधी मऊ पडते. त्यामुळे भट्टीत रंग ओळखणारा डोळा हवाच, नाहीतर केलेलं सगळं काम एका क्षणात ओघळतं.

दुसऱ्या रीतीत खालचं अर्धं पोट आणि वरचं अर्धं पोट वेगळं ठोकत. गळा कधी वरच्या अर्ध्यातूनच काढत, कधी स्वतंत्र करत. मग भाग डाख लावून झाळत. डाख म्हणजे चांदीतच तांबं-जस्त मिसळून केलेला, कमी उष्णतेला वितळणारा सांधण्याचा धातू. तांब्यापितळेच्या मोठ्या भांड्यांत सांध्याच्या कडा दातेरी कापून एकमेकींत गुंतवतात, तसा सांधा चांदीतही कधीकधी दिसतो. पोटाच्या रुंद भागावर वाफाळता श्वास सोडा. धुकं उडताना सांध्याची रेघ वेगळ्या रंगात क्षणभर दिसते.

आकार आला की शेवटची हातोडी. गुळगुळीत तोंडाच्या हलक्या हातोडीने, एकावर एक घाव येतील असं सगळं अंग सारखं करायचं. पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम होतं. तिथे हे घाव मुद्दाम दिसते ठेवतात, ती त्या कामाची शोभा आहे. चांदीच्या गडवावर मात्र ते घोटून बहुधा मिटवलेले असतात. त्यांची अगदी पुसट सावली राहते.

५. आमचा हाताने घडवलेला आहे की यंत्रावर, हे कसं ओळखू?

आतून पाहा. यंत्रावर फिरवून दाबलेल्या भांड्यात आतल्या बाजूला एकसारख्या, समान अंतरावरच्या बारीक गोल रेघा असतात आणि जाडी सगळीकडे जवळजवळ सारखी लागते. ठोकीव भांड्यात आतून अनियमित, उथळ खळगे बोटाला लागतात. काठ पोटापेक्षा जाड असतो, कारण कारागीर धातू मुद्दाम काठाकडे राखतो. बुडाच्या मध्यभागी आत किंवा बाहेर एक बारीक टिंब दिसलं तर आनंद माना. ती कंपासाची खूण आहे. प्रत्येक फेरीचं वर्तुळ तिथूनच आखलेलं असतं.

ओतीव भांडं या दोन्हींपेक्षा जड आणि जाड असतं. आत सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात. गडवाचं अख्खं पोट ओतलेलं क्वचित सापडतं, पण बैठक, झाकणावरची कळी किंवा झारीची तोटी ओतीव असणं नेहमीचं.

फक्त ‘हाताचं म्हणून चांगलं’ असं मात्र मानू नका. हाताने केलेली वाईट कामंही भरपूर आहेत.

६. आमच्या गडवावर देवांच्या आकृती आहेत. हे काम चांगलं की साधारण, कसं ठरवायचं?

आधी उठाव कसा काढला ते पाहा. ताटासारख्या उघड्या भांड्यात मागून ठोकून आकृती फुगवता येते. गडवाच्या अरुंद गळ्यातून हातोडी आत जात नाही. तिथे एक वाकडी लोखंडी सळई वापरतात. तिचं एक टोक पक्कं आवळलेलं असतं आणि दुसरं वळवलेलं टोक भांड्याच्या आत. बाहेर सळईवर हातोडी मारली की आतलं टोक उसळी घेतं आणि चांदीला आतून ठोसा देतं. कारागिराला तो घाव दिसत नाही, फक्त बाहेर आलेला फुगवटा दिसतो. असा ढोबळ उठाव आला की पोटात वितळलेली राळ आणि विटेची पूड यांचं मिश्रण भरतात, ते घट्ट झाल्यावर बाहेरून लहान-लहान छिन्न्यांनी नाक, बोटं, वस्त्राच्या चुण्या आत दाबत काढतात. या रीतीत धातू निघत नाही, फक्त हलतो. कोरीव कामात मात्र कलमाने चांदीचा बारीक तारासारखा कीस खरवडून निघतो. रेघेच्या तळाशी भिंगातून पाहा. दाबलेली रेघ गोलसर आणि मऊ असते, कोरलेली धारदार आणि चकचकीत.

चांगल्या कामाची माझी कसोटी म्हणजे दोन आकृत्यांमधली रिकामी जागा. देव सगळेच मन लावून काढतात. मधली जमीन टिंबांनी भरताना हात कंटाळला का, हे त्या टिंबांवरून कळतं. चांगल्या कामात टिंबं दाट, सारख्या खोलीची आणि आकृतीच्या कडेपर्यंत गेलेली असतात. दुसरी जागा म्हणजे जोड. पट्टी गडवाला वेढून जिथे परत सुरुवातीला भेटते, तिथे शेवटची कमान आक्रसली असेल किंवा ताणली असेल तर आखणी न करता काम सुरू झालं होतं.

७. हॉलमार्क नाही. मग चांदी खोटी का?

नाही. भारतीय मानक ब्युरोचं चांदीसाठीचं हॉलमार्किंग २००५ सालचं. त्याआधीच्या घरगुती भांड्यावर ते असण्याचा प्रश्नच येत नाही. उलट ‘शंभर वर्षांपूर्वीचा’ म्हणून विकायला आलेल्या गडवावर नवा हॉलमार्क दिसला तर तो नवा आहे किंवा नव्याने विक्रीला आणताना तपासून छापलेला आहे, हे विचारून घ्या.

इंग्रजी अमदानीत साहेबांसाठी आणि संस्थानिकांसाठी काम करणाऱ्या काही पेढ्या स्वतःचे ठसे मारत. भूजचे उमरसी मावजी ‘ओ. एम.’ अशी इंग्रजी आद्याक्षरं उमटवत. मद्रासची पी. ऑर अँड सन्स, कलकत्त्याची हॅमिल्टन अँड कंपनी यांचेही ठसे सापडतात. आपल्याकडचा सोनार घरच्या गिऱ्हाइकासाठी गडू करताना सहसा काही मारत नसे. गिऱ्हाईक त्याला ओळखत होतं, तेवढं पुरे होतं.

८. मग शुद्धता किती असेल? आजी म्हणायची की रुपये आटवून केला आहे.

आजीचं म्हणणं अगदी शक्य आहे. घरात साठलेले राणीछाप रुपये सोनाराला देऊन त्याच चांदीचं भांडं करून घेण्याची पद्धत सर्रास होती. १८३५ ते १९३९ या काळातल्या इंग्रजी रुपयात ९१.७ टक्के चांदी असे, बाकी मुख्यतः तांबं. म्हणून रुपये आटवलेल्या भांड्याचा टंच (शुद्धतेचं प्रमाण) काढला तर तो त्याच्या जवळपास येतो, डाख लागलेल्या जागी अर्थातच कमी. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली. अंकुशी, चांदवडी अशा जुन्या देशी रुपयांचा कस टांकसाळीगणिक वेगळा असे.

तांब्याच्या या अंशाची एक खूण दिसते. पॉलिश केल्यावर काही ठिकाणी जांभळट करडी छटा उरते. वारंवार तापवताना चांदीतलं तांबं आतवर गंजून ती बसलेली असते. ती मळ नाही आणि घासून जात नाही. ती काढायला गेलात तर चांदीचा वरचा थरच जाईल.

९. घरच्या घरी काही तपासणी करता येते का?

चुंबक लावून फारसं कळत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे एवढंच. पितळ आणि जर्मन सिल्व्हरही चिकटत नाहीत, आणि जर्मन सिल्व्हरमध्ये नावापुरतीही चांदी नसते, ते तांबं-जस्त-निकेलचं मिश्रण आहे. ॲसिडचे थेंब टाकू नका. डाग कायमचा राहतो.

पाण्याची तपासणी मात्र कामाची आहे. आधी गडू कोरडा वजन करा. मग स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून आकडा शून्यावर आणा. गडू दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा धरा. आत हवेचे बुडबुडे राहू देऊ नका. काट्यावर आता जेवढे ग्रॅम दिसतील त्याने कोरड्या वजनाला भागा. रुपयाच्या कसाची चांदी असेल तर उत्तर १०.३ च्या आसपास येतं, जर्मन सिल्व्हर किंवा पितळ असेल तर साडेआठ-पावणेनऊच्या आसपास. समजा गडू २९१ ग्रॅमचा आहे. चांदीचा असल्यास काटा सुमारे २८ दाखवेल, जर्मन सिल्व्हरचा असल्यास ३३-३४. बैठक पोकळ आणि बंद असेल किंवा आत राळ भरलेली असेल तर ही तपासणी फसते. तेव्हा विश्वासू सराफाकडे टंच काढणंच योग्य.

१०. वहीत ‘गडू २५ तोळे’ असं लिहिलंय, सराफाकडे वजन २९ तोळे भरलं. हे कसं?

तोळा बदलला आहे. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एका इंग्रजी रुपयाच्या वजनाचा. बारा मासे म्हणजे एक तोळा. आज दुकानात तोळा म्हणजे सरळ १० ग्रॅम धरतात. जुने २५ तोळे म्हणजे सुमारे २९१ ग्रॅम, आजच्या बोलीत २९ तोळे. म्हणजे तुमची वही आणि सराफ दोघंही बरोबर आहेत, आणि गडवाची एवढ्या वर्षांत जवळजवळ झीज झालेली नाही. ती वही गडवाबरोबरच ठेवा.

११. बुडावर टिंबाटिंबांनी नाव आणि ‘शके १८१२’ असं आहे. तेव्हाचाच गडू म्हणायचा का?

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, माघ-फाल्गुन असेल तर बहुधा ७९. शके १८१२ म्हणजे १८९०-९१. घरात गुजराती किंवा मारवाडी संबंध असेल आणि संवत लिहिलेला असेल तर ५६ किंवा ५७ वजा करा. अक्षरं वाचता येत नसतील तर ती मोडी असण्याची शक्यता तपासा.

पण नाव घातलं त्या साली गडू घडला असं गृहीत धरू नका. लग्नात, मुंजीत किंवा वाटणीच्या वेळी जुन्याच भांड्यावर नव्याने नाव घालत. टिंबांच्या खळग्यांतली झीज आणि भोवतालच्या पृष्ठभागाची झीज सारखी आहे का ते भिंगातून पाहा. नाव ताजं आणि बूड झिजलेलं असेल तर नाव नंतरचं. एका भांड्यावर दोन नावं असतील तर दोन्ही राहू द्या. नाव घासून काढा म्हणणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. तिथली चांदी पातळ होते आणि वाफाळता श्वास सोडला की खोडलेल्या जागेचा खळगा दिसतोच.

१२. काळा पडलाय. घासू का? आणि कशाने?

काळेपणा म्हणजे चांदी आणि हवेतला गंधक यांच्या संयोगाने आलेला सिल्व्हर सल्फाइडचा थर. अंडं, लोकर, रबर, काही प्रकारचं प्लॅस्टिक आणि वर्तमानपत्राचा कागद यांच्या सान्निध्यात तो लवकर येतो.

आधी कोमट पाण्यात सौम्य साबण घालून हाताने धुवा आणि लगेच कोरडा करा. बऱ्याचदा एवढ्यानेच काम होतं. मग मऊ सुती कापडावर वस्त्रगाळ खडूची पूड ओली करून, हलक्या हाताने, काठाला समांतर फिरवा. रांगोळी, राखुंडी, टूथपेस्ट, तारेची घासणी यांपैकी काहीही नको. प्रत्येक घासणीत चांदीचा थोडा अंश जातो आणि सगळ्यात आधी जातात ती उठावाची टोकं: देवाचं नाक, हत्तीची सोंड, पाकळीची कड. दर सणाला मन लावून घासलेल्या कित्येक गडवांवरचे देव आता चेहऱ्याशिवाय आहेत.

ॲल्युमिनियमची फॉइल आणि खायच्या सोड्याच्या गरम पाण्याची युक्ती सगळीकडे फिरते. ती रसायनाच्या दृष्टीने खरी आहे, सल्फाइडची पुन्हा चांदी होते. पण ती खाचांतला काळेपणाही ओढून काढते, आणि नक्षीला खोली येते ती नेमकी त्या काळेपणामुळे. शिवाय पृष्ठभाग पांढुरका, निस्तेज राहतो. कोऱ्या चमच्यांना ठीक. जुन्या नक्षीदार गडवाला करू नका. ठेवताना धुतलेल्या जुन्या सुती कापडात गुंडाळा आणि वर रबरबँड लावू नका.

१३. सराफ म्हणतात मोडीत द्या, नवीन घ्या. काय करू?

मोडीत वजनाला भाव मिळतो, त्यातूनही तूट वजा होते. घडणावळ शून्य धरली जाते. म्हणजे प्रश्न ४ आणि ६ मध्ये सांगितलेलं सगळं काम तुम्ही फुकट देता, आणि बदल्यात मिळणाऱ्या यंत्रावरच्या भांड्याची घडणावळ पुन्हा खिशातून भरता. पैशाची खरी निकड असेल तर दोष कुणाला द्यायचा नाही, घरच्या चांदीचा तो उपयोग पिढ्यानपिढ्या होत आला आहे. पण ‘जुन्या वळणाचा आहे’ एवढ्याच कारणासाठी देऊ नका. आटवण्याआधी जुन्या चांदीची पारख असलेल्या दोघांना तरी दाखवा. ठसा, तारखेसह नाव, उत्तम उठाव किंवा घराण्याची लेखी नोंद यांपैकी काही असेल तर किंमत वजनापलीकडे जाऊ शकते. फोटोवरून आम्ही किंमत सांगत नाही.

१४. रोज वापरला तर चालेल का?

चालेल. हाताळलेली चांदी पेटीतल्या चांदीपेक्षा कमी काळवंडते. पाणी, दूध ठीक. मीठ घातलेलं ताक, लोणचं, लिंबूपाणी ठेवू नका, क्षाराने चांदी खड्डे पडून खराब होते. जुनी दुरुस्ती दिसत असेल तर आधी पुढचं उत्तर वाचा.

१५. पोचा पडलाय आणि सांध्यातून पाणी झिरपतं. दुरुस्त करावा का?

लहान पोचा तसाच राहू द्या असं माझं मत आहे. मोठा असेल तर दागिन्यांचं नाही, भांड्यांचं काम करणारा कारागीर शोधा. जुनी ठोकीव चांदी कडक झालेली असते, आतून नुसती ढकलली तर चीर जाते.

गळतीचं प्रकरण अधिक जोखमीचं आहे. सांध्यावर मऊ, करडा, नखाने ओरखडा उमटणारा धातू दिसला तर कुणीतरी पूर्वी शिसं-कथलाने बुजवलेलं आहे. अशा गडवातलं पाणी पिऊ नका. आणि कारागिराला हे पहिल्यांदा सांगा, कारण ते शिसं पूर्ण काढल्याशिवाय भांडं तापवलं तर ते चांदीत शिरतं आणि तिला भोकं पाडतं. आधी खरवडून काढायचं, मगच चांदीचा डाख लावायचा. दुरुस्तीनंतर ‘नव्यासारखा’ चकचकीत करून देऊ का, असं विचारतील. नको म्हणा.

१६. गडू कुठे घडला हे नक्षीवरून कळतं का?

अंदाज येतो. दाट वेलबुट्टी आणि तिच्यात गुंफलेले प्राणी कच्छची आठवण देतात. देवळातल्यासारख्या देवांच्या रांगा मद्रासकडच्या ‘स्वामी’ कामात असतात, आणि एकोणिसाव्या शतकात पुण्याचं म्हणून विकलं गेलेलं देवांच्या ठसठशीत उठावाचं कामही त्याच्या जवळ जातं. चिनाराचं पान म्हटलं की काश्मीर. पण कारागीर फिरते होते, नमुने उचलले जात, आणि गिऱ्हाईक मागेल ते सोनार करून देई. मराठी घरातला वापरातला गडू बहुधा साधाच, गळ्याखाली दोन-तीन रेघा एवढंच. तिथे गाव सांगायला नक्षी उपयोगी पडत नाही, घरची माहितीच लागते.

१७. चांगली जुनी भांडी प्रत्यक्ष कुठे पाहायला मिळतील?

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय सर्वांत आधी. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, पानदानं, भांडी अशा घरातल्या वस्तूच आयुष्यभर जमवल्या, त्यामुळे डोळा तयार व्हायला त्यासारखी जागा नाही. मुंबईत भायखळ्याचं १८७२ सालचं भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. गोव्यात असाल तर जुन्या गोव्याच्या सांता मोनिका कॉन्व्हेंटमधलं ख्रिस्ती कलेचं संग्रहालय पाहा. तिथल्या चर्चच्या चांदीत वेगळ्या धर्माची भांडी आणि आपल्याच भागातल्या कारागिरांचे हात एकत्र दिसतात.

१८. मुलगी अमेरिकेत आहे. सासूबाईंचा गडू तिला नेता येईल का?

शंभर वर्षांहून जुना असेल तर नाही. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षं पूर्ण झालेली कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. घरातली आहे, विकायची नाही, असं म्हणून भागत नाही. वय कमी असेल पण दिसायला जुना असेल तर निघण्याच्या बऱ्याच आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या. विमानतळावर वाद घालून काही होत नाही. देशातल्या देशात नेण्याला अडचण नाही. शके घातलेला गडू असेल तर प्रश्न ११ पाहून आधी वर्ष काढा.

१९. वर चांदी आणि झिजलेल्या जागी पिवळं-लाल दिसतंय. फसवणूक झाली का?

काठ, बैठक आणि उठावाची टोकं अशा झिजणाऱ्या जागीच रंग दिसत असेल तर तो मुलामा आहे. विजेवर चांदी चढवण्याची पद्धत १८४० नंतर पसरली, त्यामुळे मुलाम्याची भांडीही आता शंभर-सव्वाशे वर्षांची असू शकतात. आकार चांगला असेल तर तो चांगलाच राहतो. पुन्हा मुलामा देऊ नका, कडा बुजतात.

रंगाची सीमारेषा स्वच्छ, मुद्दाम आखलेली असेल तर गोष्ट वेगळी. दोन धातूंचे पट्टे जोडून केलेली किंवा चांदीवर ठरावीक जागी सोन्याचा मुलामा दिलेली गंगाजमनी भांडी असतात. काळ्या अंगावर चांदीची नक्षी असेल तर ते बहुधा बिदरी. तिथे मूळ भांडं जस्ताच्या मिश्रणाचं असतं, चांदी फक्त जडवलेली, आणि काळा रंग हाच त्या कामाचा प्राण. त्याला प्रश्न १२ मधलं काहीच लावायचं नाही, कोरड्या मऊ कापडाने पुसायचं.

२०. पोट जुनं वाटतं पण बैठक नवी. असा गडू ‘अस्सल’ धरायचा का?

आधी बैठक का बदलली ते शोधा. बूड रोज घासून पातळ होतं, म्हणून त्याला नवं कडं किंवा नवी बैठक लावणं ही जुनी, प्रामाणिक दुरुस्ती आहे. डाखाची रेघ दिसते, चांदीचा रंग थोडा वेगळा असतो आणि लपवायचा प्रयत्न नसतो. असा गडू घ्या, ठेवा, वापरा. विक्रीला आलेल्या वस्तूत मात्र वेगळी जोडणी सापडते: हुक्क्याचं पोट आणि झारीचा गळा, किंवा गुलाबदाणीचं बूड आणि नवं झाकण. तिथे प्रश्न २ मधली रेषा उपयोगी पडते. दोन भांड्यांच्या रेषा एकमेकींत वाहत नाहीत, जोडाच्या जागी वळण अचानक दिशा बदलतं. झीजही जुळत नाही. काठ झिजलेला आणि गळा कोरा, असं एका वापरात होत नाही. शंका आली तर विकणाऱ्याला बिलावर ‘जोडलेले भाग’ असं लिहून मागा. लिहायला तयार नसेल तर घेऊ नका.